सात नंबरचा कॅमेरा

मिऱ्याच्या रस्त्याला, डिझेलपंपाच्या मागे
मासळी गोठवायचा कारखाना.
बाहेर मे. आंब्याच्या पेट्यांचे टेम्पो,
मानेवरून ओघळणारा घाम, खाडीवरचा चिकट वारा.
आत वजा अठरा.
दाराला रबराची जाड पट्टी आहे,
मे महिना तिथवरच.

नाखवांचा फोन होता :
सातवा कॅमेरा आंधळा होतो रे,
रोज रात्री दोन-सव्वादोनला,
चार मिनिटं नुसतं पांढरं.
बर्फच धरत असणार. आणि
कोळंबीचे बॉक्सही मोजणीत कमी भरतायत,
काय ते एकदा बघून जा.

दाराशी खुंटीवर कोट होता, तो चढवला.
बाह्या लांब. खिशात अर्धी सुपारी,
कॉलरच्या आत मार्करने लिहिलेलं : डोर्लेकर.
शिडी लावली.
या थंडीत साधी वायर सुक्या बोंबलासारखी होते,
वाकवली की कट्‌कन मोडते.
स्क्रू बोटाला चिकटतो
आणि सोडताना थोडं कातडं ठेवून घेतो.

मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो,
थंडी कॅमेऱ्याला मारत नाही,
मारते ती आपली दमट हवा.
दार उघडलं की समुद्र आत येतो
कुणाला न विचारता,
आणि दिसेल त्या पहिल्या काचेवर बसून घेतो.
म्हणून कॅमेऱ्याच्या पोटात बोटभर हीटर.
म्हणून तो बंद करायचा नाही,
रविवारी नाही, ईदेला नाही, बिल कितीही येऊ दे.
जागा आहे तोवर
स्वतःच्याच उबेवर निभावतो.

हीटर चालू होता.
केबल शाबूत. काचेवर बर्फाचा कण नाही.

मग ऑफिसात बसून रेकॉर्डिंग मागे नेलं.
पंख्याखाली पाठ भिजत होती
आणि पडद्यावर माणसांच्या तोंडातून वाफ निघत होती.
दोन वाजून अकरा मिनिटं.
माकुलाच्या थप्प्यांमधून एकजण येतो,
उलट्या क्रेटवर चढतो,
दातांनी हातमोजा ओढतो.
तोंड मोठं होत होत पडदाभर होतं,
भुवयांवर पांढरं. दाढीवर पांढरं.
कॅमेऱ्याकडे तो बघतसुद्धा नाही,
चुलीकडे कोण बघत बसतं?
मग तळवा.
मग पांढरं.

चित्र थांबवलं. उजेड कमी केला.
पांढऱ्यात रेघा दिसायला लागल्या.
एक अंगठ्याखालून वळलेली,
एक मधेच तुटून पुढे लागलेली,
करंगळीशी गळ घुसल्याची जुनी खूण.
दोन मिनिटांनी हात बदलतो.
डावा.
त्यावर काहीच खूण नाही.

चौथ्या कॅमेऱ्यात तीच चार मिनिटं पाहिली :
कोळंबीचे बॉक्स जागच्या जागी,
कुणी फिरकलं नाही.
आधीच्या रात्रीही तेच. त्याआधीचीही.
रमजानात वेळ बदललेली, पहाटे साडेतीन.
तेव्हा दुसरे हात. बारीक, नखं वाढलेली.
म्हणजे ही गोष्ट एकाची नाही.

नाखवा चहा घेऊन आले. काय निघालं?
बर्फच होता, म्हटलं. साफ केला.
मोजणी मात्र एकदा गाडी भरताना करून बघा,
दाराशी.
बरं, म्हणाले. बिलाचं काय?
व्हिजिटचे तीनशे, दुसरं काही नाही.

जायच्या आधी पुन्हा आत गेलो,
सेटिंग तपासायला असं सांगून.
हीटर दोन खुणा वर केला.
हात लावून पाहिला.
विशेष काही नाही हो,
नुकत्या उठलेल्या माणसाच्या उशीइतका.
तरी काढवेना.

बाहेर आलो आणि चष्म्यावर धुकं.
जेट्टी नाही, टेम्पो नाही, नुसता इंजिनांचा आवाज
आणि सुकत घातलेल्या जवळ्याचा वास.
रात्रपाळीची माणसं आत शिरत होती,
खांदे घासून जात होते.
कुणीतरी कॉलर ओढली :
"ओ, कोट द्या हिकडं, माझा हाय तो."
तसाच, न दिसता, एकेक बाही सोडवून दिला.
"सुपारी हाय ना खिशात?"
आहे, म्हटलं.

सदऱ्याच्या टोकाने काचा पुसल्या तेव्हा
दार लागलं होतं,
आणि रबराच्या पट्टीखालून
थोडी वाफ अजून बाहेर येत होती.