खरं

लिफाफा धारवाडहून आलाय.
नव्या राष्ट्रीय आराखड्यानुसार
इयत्ता चौथी, इतिहास-भूगोल, मराठी माध्यम, मसुदा.
सोबत अभिप्रायाचा तक्ता:
पान, ओळ, सुचवलेला बदल, कारण.
कारणाला बोटभर जागा.

पान अकरा. 'आपला जिल्हा.'
जिल्हा पोपटी, शेजारचे जिल्हे फिके गुलाबी,
आणि पश्चिमेला नुसतं पांढरं.
जुन्या पुस्तकातही असंच होतं.
रेणुका घाडीनं त्या पांढऱ्यावर बोट ठेवलं होतं,
"बाई, माझं आजोळ हितंच येतंय न्हवं?
मग हितं काहीच कसं नाही?"
म्हटलं, ते दुसऱ्या राज्यात.
"व्हय. खरं फणस हाईत की तिथं."
तिनं पेन्सिलीनं तीन फणस काढले,
त्यांच्याखाली मामाची मोटरसायकल,
आणि सरकारी पुस्तक खराब केलं म्हणून
मी तिच्यावर ओरडले.
ते ओरडणं कुठल्या रकान्यात भरू?

पान तेरा. 'नदी डोंगरात उगम पावते व समुद्रास मिळते.'
एवढंच.
मी पोरांना कणकुंबीला नेलं होतं, काजूच्या टेम्पोतनं.
तिथं कुंडातून मलप्रभा निघते, पूर्वेला वळते, कृष्णेकडं जाते.
पलीकडच्या उताराचं पाणी मात्र
आपल्याला न विचारता गोव्याला.
कोंडू शेळके, गवळीवाड्यावरचा,
माथ्यावर पाय फाकून उभा राहिला,
एकदा इकडं थुंकला, एकदा तिकडं:
"ही बंगालला. ही गोव्याला."
बावीस वर्षांत भूगोलाचा इतका चांगला तास
मी घेतला नाही.
तोही मी घेतला नव्हता.

पान एकोणीस. राजे. सनावळी. मंदिराचं चित्र, धूसर.
आमच्या शिवारात एक वीरगळ आहे,
म्हसोबा समजून शेंदूर लावतो आम्ही.
शेंदराखाली अक्षरं निघाली, मला लागेनात.
कन्नड शाळेच्या हुद्दार टीचरना बोलावलं
(दोन शाळांत भिंत एकच, घंटा वेगळी).
त्यांनाही निम्मीच लागली.
"हे फार जुनं, बाई, माझं नाही हे कन्नड," म्हणाल्या,
आणि चष्मा पुसून पुन्हा वाकल्या.
गाई सोडवताना मेला, एवढं कळलं.
कुणाच्या गाई, पळवल्या कुणी,
तिथं नेमका दगड फुटलाय. नावही तिथंच होतं.
दोन्ही शाळांची पोरं कोळशानं ठसा घेत
एकमेकांच्या अंगावर पडत होती,
शिव्या देत होती, ज्याला जी येईल त्या भाषेत.

पान चोवीस. चौकट: 'मुलांच्या शब्दांत.'
हे मीच पाठवलं होतं, रेणुकाच्या वहीतलं:
'आमच्या घाटातनं दोन नद्या जातात, खरं नकाशात एकच हाय.'
छापलंय: 'पण नकाशात एकच आहे.'
भाषा तपासणाऱ्यानं चूक काहीच केली नाही.
त्याच्याकडं खरं म्हणजे खरं.
आमच्याकडं खरं म्हणजे पणसुद्धा,
बाजारात, भांडणात, मयताच्या घरी.
वर्गात मी म्हणते, राजा मोठा होता, खरं...
आणि मागच्या बाकावरची मानसुद्धा वर येते.

लिहिलं:
पान चोवीस, ओळ सहा.
'पण' काढून 'खरं' ठेवावे.
कारण:
इथं पेन थांबलं.
पलीकडची घंटा झाली, मग आमची.

दारात रेणुका. पाचवीत गेली, उंच झाली.
"बाई, ग्रंथालयाची चावी न्यायला आलो."
तिला नवा नकाशा दाखवला, अजून पांढराच.
विचारलं, अजून काढशील का गं, मामाची मोटरसायकल?
तिनं जरा विचार केला.
"ती विकली मामानं, दिवाळीत.
खरं नकाशात ऱ्हाऊ दे."