रिकामं पाणी

सप्टेंबरात व्लास्तिमिलने काचेची पेटी आणली,
दोन पोरांनी धरून चौथ्या मजल्यावर चढवली.
एकशेवीस लिटर पाणी, काळी वाळू, एक ओंडका,
हीटरचा लाल ठिपका.
आणि मासे? मासे नाहीत.

खालच्या हेडविकाबाई वर येऊन
चष्मा काचेला टेकवायच्या:
आत आहे तरी काय?
काही नाही, मी म्हणायचे, माझा नवरा पाणी पाळतो.

रोज सकाळी दाढी करून तो
अमोनियाचे थेंब मोजून टाकायचा त्यात,
कुणीच न बसलेल्या पंगतीला वाढावं तसे.
मग परीक्षानळी खिडकीत, माझ्या कॉफीच्या कपाशेजारी:
हिरवी. हिरवी. अजून हिरवीच.
वहीत तारीख, आकडा, सही.
सही कशाला, कोण तपासणार आहे?
तो नुसता बघायचा.

खाणीत सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला
काही प्रश्न विचारायचे नसतात.
ओस्त्रावात आम्हा बायकांना हे लग्नाआधीच कळतं.

ओताकार आला, त्याच पाळीतला.
चार जिने चढून दहा मिनिटं बोलू शकला नाही.
मग पिशवीतून काढला त्याच्या जुन्या फिल्टरचा स्पंज
आणि पिळला आमच्या पेटीत.
तपकिरी घाण, माझ्या स्वच्छ पाण्यात!
विरजण आहे ते, व्लास्तिमिल म्हणाला.
तेव्हा कुठे मला थोडं उमगलं.
माझ्याही फ्रिजमध्ये राईच्या पावाचं आंबवण आहे,
सासूच्या बरणीतलं.
त्यात जिवंत काय आहे, ते मी तरी कुठे पाहिलंय?

पण पाव एका रात्रीत फुगतो.
इथे पाचव्या आठवड्यात हिरवं ओसरलं
आणि दुसऱ्या नळीत जांभळं चढलं, प्लमच्या मुरंब्यासारखं.
एक विष खाऊन दुसरं मागे ठेवणारे जीव, म्हणे.
तिसरे येतील, तो म्हणाला, जांभळं खाणारे. थांब.

मी मात्र एव्हाना त्या पेटीला पाण्यात पाहू लागले होते.

मंगळवारी तो डॉक्टरकडे गेला
तेव्हा मी एक गप्पी आणला. एकच. केशरी शेपटीचा.
दुकानदाराने काही विचारलं नाही.
मी पिशवी उलटी केली.

दोन दिवसांनी मासा पाण्याच्या वरच्या कडेला तोंड लावून
हवा पीत होता.
व्लास्तिमिल ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.
बाह्या दुमडल्या. बादली, किटली.
पाण्याची ऊब कोपर बुडवून पाहिली,
तान्ह्याच्या अंघोळीआधी पाहतात तशी.
माझ्याकडे मीठ मागितलं, मोजून.
रात्री दोनपर्यंत निम्मं पाणी बाहेर, निम्मं आत,
आणि मग ओल्या फरशीवर बसून
इतक्या वर्षांत न बोललेलं बोलला:
आम्हालाही आधी खाली सोडलं होतं.
हवा नंतर तपासली.

किती जण होते, मी विचारलं नाही.
फडकं घेऊन आलो, दोघांनी फरशी पुसली.

गप्पी वाचला. अर्धी शेपूट झडून गेली.
नोव्हेंबरात दोन्ही नळ्या पिवळ्या, सलग सात सकाळी.
मग पाच निऑन.
मग तीन आठवडे काहीच नाही, मी कितीही कुरकुरले तरी.
मग तळाशी वाळू चाळणारे चार, मिशांचे.
घरात तोंडं वाढली की
रांधणारे हातही वाढावे लागतात, तो म्हणतो,
आणि हे हात तर दिसतही नाहीत.

झोपण्याआधी तो रोज मोजतो.
मुठीत पितळेचा बिल्ला असतो,
खाली उतरताना फळीवर टांगायचा तो, चारशे बारा नंबरचा.
दहा, म्हणतो, आणि दिवा घालवतो.

काल नऊच भरले.
अर्ध्या शेपटीचा ओंडक्यामागे झोपला होता,
त्याची जागा मला ठाऊक आहे.
सांगणारच होते,
पण तो गुडघ्यांवर बसला होता, टॉर्च घेऊन,
कपाळ काचेला लावून,
हळू आवाजात
एकेकाला नावाने हाक मारत.

माशांना आम्ही नावं दिलेली नाहीत.