तात्पर्य

रामबागेत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
दर रविवारी अकरा मुलं मराठी शिकायला येतात.
‘ळ’पाशी जीभ अडखळली की स्वतःच हसतात.
शेवटची वीस मिनिटं गोष्टीची,
त्यातलं शेवटचं मिनिट तात्पर्याचं.
वह्या मीच आखून दिल्यात,
तात्पर्यासाठी खाली एक लाल रेघ.

डिसेंबरातल्या त्या रविवारी राजा सांगितला.
दुष्काळात त्याने कोठार उघडलं,
मागायच्या आधी दिलं, न मोजता दिलं,
आणि कोठार काही रिकामं होईना.
खाली गिरणी घरघरत होती, म्हणून
राजाला जरा ओरडूनच बोलावं लागलं.

मुलं पांगली. खुर्चीच्या पाठीवर हात गेला,
शाल नव्हती.
खिडकीतून दिसली. गराडूच्या गाडीपाशी
झारा हलवणाऱ्या मुलाच्या खांद्यावर
माझी तपकिरी शाल,
काठाला बहिणीने घातलेला साखळी टाका.

निहार मुळ्ये जिन्यात बुटाची नाडी बांधत होता.
‘माझी शाल तू दिलीस?’
‘हो. दीपूला. तुम्हीच म्हणालात ना, मागायच्या आधी.’
‘अरे, पण ती माझी होती. द्यायचं ते आपलं.’
त्याने गाठ पुरी केली, ओढून पाहिली.
‘राजाने शेती केली होती का, टीचर?’

जिन्यात पिठाची धूळ तरंगत होती.
मी काहीतरी बोलले. काय, ते आठवत नाही,
लाल रेघेवर लिहिण्यासारखं नव्हतं.

नऊ हिवाळे मी याच गाडीवर थांबते,
जिरावण जास्त घालायला सांगते.
हा मुलगा आधी बापामागे गोणीवर बसलेला असे,
आता कढईपुढे उभा.
त्याचं नाव मला आज कळलं,
तेही दुसरीतल्या पोराकडून.

दीपूने मला येताना पाहिलं, शाल उतरवली,
घडी घातली, काठ आत घेऊन.
‘मॅडम, तेल उडता है, खराब हो जाती.’
मी घेतली.
इथे काही वेगळं लिहावंसं वाटतं,
पण मी घेतली.

त्याने दोन द्रोण भरले. पैसे घेईना.
निहारने स्वतःच्या द्रोणातली सगळ्यात कुरकुरीत फोड
काडीला टोचून कढईवरून पलीकडे धरली.
दीपूने खाल्ली, तोंड भाजलं,
मग दोघं बराच वेळ हसत राहिले
कशाला तरी, जे मला माहीत नव्हतं.

रात्री शालीला तेलाचा वास येत होता, लिंबाचाही.
धुवायला टाकली नाही.
पांघरलीही नाही.

पुढच्या रविवारी तीच गोष्ट काढली
आणि कोठाराच्या दाराशी थांबले.
विचारलं, हे भरलं कोणी?
कुणी म्हणालं बैलांनी, कुणी राजाच्या आईने.
एकीला उंदरांची काळजी पडली होती.
लाल रेघ कोरी ठेवा म्हटलं.
निहारने तिच्यावर गाडी उभी केली,
चार चाकं, त्यातलं एक जरा मोठं.