माल मिळाला

नेरुळच्या स्टेडियममधून निघालो
तेव्हा लेकीच्या मनगटावरचा पट्टा अजून लुकलुकत होता.
पार्किंगमधून बाहेर पडायलाच दीड तास.
तिनं विचारलं, आई, तू पाहिलेला सगळ्यात भारी शो कुठला?
आजचाच, म्हणाले.
खोटं बोलले.

शहाण्णव साल. ठाणं. वागळे इस्टेट.
बिस्किटांचे पत्र्याचे डबे करणारी कंपनी
बंद पडून दोन वर्षं झालेली.
मालकाचा भाचा निनाद कारखानीस ड्रम वाजवायचा,
म्हणून किल्ली मिळाली.
बँडचं नाव गंज.
तिकीट पंधरा रुपये, चहा धरून.
दारात टेबल टाकून मी बसले होते.
शिक्का म्हणून दुसरं काही नव्हतं,
कंपनीच्या खणात सापडला तोच घेतला.
आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर
जांभळ्या शाईत: माल मिळाला.
खाली सहीसाठी रेघ.

त्रेसष्ट मनगटं.
चौसष्टावं माझं, ते मीच उठवलं.

खरं सांगायचं तर पहिली दोन गाणी वाईट झाली.
ग्लॅडविनचा आवाज छपराच्या पत्र्यावर आपटून
त्याच्याच तोंडात परत येत होता.
मशिनी उपटून नेलेल्या, बोल्ट जमिनीतच,
नाचणारा प्रत्येक जण एकदा तरी ठेचकाळला.

तिसऱ्या गाण्यात एक फेज गेली.
दिवे चालू, गिटार चालू,
बास मुका.
पाताडे थांबला नाही.
मान खाली, ओठ आवळलेले,
चार जाड तारा नुसत्याच हलत होत्या.
त्याच्या बोटांकडे बघत
आधी पुढच्या रांगेनं, मग सगळ्या शेडनं
तोंड मिटून तो सूर धरला,
पोटातून, खर्जात,
इतका की माझ्या टेबलावरची चिल्लर
सरकत सरकत कडेला आली
आणि मी ती धरली नाही.

शेजारच्या कंपनीची सेकंड शिफ्ट तेवढ्यात चहाला सुटली.
सात-आठ जण, खाकी कपडे, दारात उभे.
तिकीट मागायची मला लाज वाटली.
त्यातले एक पन्नाशीचे, टर्नर असावेत,
खिशातला पाना काढून
लोखंडी खांबावर ठोका द्यायला लागले.
अगदी नेमका नाही. किंचित मागे.
जेवून शतपावली घालणाऱ्या माणसासारखा.
निनादनं मान वळवली,
ऐकलं,
आणि स्वतःचा ताल उचलून
त्या किंचित मागे नेऊन ठेवला.

पुढचं मला सांगता येत नाही.
खूप वेळा प्रयत्न केला,
नवऱ्याला सांगताना तर हातवारे करून.
तो म्हणाला, हं.

भोंगा झाला. त्यांनी पाना खिशात घातला.
जाताना माझ्यासमोर मनगट धरलं,
तेलानं काळं, शाई नीट बसेना.
दोनदा मारला.

गंज सगळीकडे चढतो,
आमचा दीड वर्षात उतरला.
ग्लॅडविन मस्कतला एसी दुरुस्त करतो.
पाताडेचं काही कळत नाही.
मागच्या वर्षी पासपोर्टसाठी त्या भागात गेले होते,
शेडच्या जागी निळी काच, आत बाहेरचं आभाळ.
खिडकीतल्या मुलीनं चार बोटं ठेवून घेतली, मग अंगठा.
मनगट तिच्या यादीत नव्हतं.

एक कॅसेट होती.
तिच्यावर मावसभावाच्या लग्नाची सनई भरली कुणीतरी.
पण लग्न आधी संपलं आणि टेप थोडी उरली,
बी साइडच्या अगदी शेवटी, अकरा सेकंद.
सनई गप्प होते, खरखर,
आणि मग तो पाना. किंचित मागे.

लेकीला ऐकवीन म्हणते.
ती म्हणेल, आई, हे तर
कुणीतरी नळ दुरुस्त करतंय.