गंडा

रायबंदरला आमच्या परसात
संडासाची टाकी खणताना
बाबूसोची कुदळ भरणीवर आदळली.
सोनं असेल म्हणून तो उकिडवा बसला,
मी चपला काढल्या.

निघाल्या कवड्या.
पिवळट, दात विचकलेल्या, ओंजळी-ओंजळीनं.
"हांची एक विडी मेळची ना,"
म्हणाला बाबूसो, आणि घाम पुसला.

खरंच, येत नाही विडी.
पण भाषेनं ही नाणी अजून मोडीत काढलेली नाहीत:
जमीन कवडीमोलानं जाते,
भाऊ फुटकी कवडी देत नाही,
आणि चार कवड्यांचा होतो एक गंडा.
(गंडा घालतात तोही,
मनगटाला बांधतात तोही.)

मी वास्कोत जहाजांच्या दलालाकडे
बावीस वर्षं हिशेब लिहितो.
बोटं आपोआप मोजू लागली,
गंडा, गंडा, गंडा.
अशाच कुणी मोजल्या असतील.
त्याला मी रवळू शेणै म्हणतो,
कारण माणसाला नाव नसलं
की त्याच्याकडून काही कबूल करून घेता येत नाही.

मालदीवची गलबतं मांडवीत शिरली
की शेणै धक्क्यावर.
शिंपल्यातलं मांस पुरतं सडलेलं नसायचं;
नाकाशी सुरंगीचं फूल,
दुसऱ्या हातात बोरू.
मोजून झालं की पोती मिऱ्यांखाली,
जहाज डुलू नये म्हणून.
नीरम. नुसतं वजन.

लिस्बनला ती उतरायची,
दुसऱ्या जहाजात चढायची,
आणि गिनीच्या किनाऱ्यावर
दुसराच कुणी त्याच कवड्या मोजायचा,
चार, चार, चार,
पलीकडे साखळीतली बाई.
तिचं मूल वेगळं मोजायचं.
मग तिसरं जहाज. ब्राझील. ऊस.

शेणैला यातलं काही माहीत नव्हतं,
असं मी लिहिलं.
आणि खोडलं.

कारण होडी गाठायला तो रोज
शहराच्या सरळ रस्त्यानं जायचा.
तिथे सकाळी लिलाव.
अरबी घोडा, इराणी गालिचा
आणि मोझांबिकचा पोर
एकाच चौथऱ्यावर.
गिऱ्हाईक घोड्याचे दात बघायचं,
मग तीच बोटं न धुता पोराच्या तोंडात.
शेणै उन्हाला डोळे बारीक करून पुढे.
कचेरीतल्या वहीत त्यासाठी रकाना नव्हता.
माझ्याही वहीत
डब्यात काय आहे हे मी विचारत नाही,
वजन विचारतो.

दुपारी बाबूसोनं डबा सोडला.
अर्धा पाव बाजूला काढून ठेवला.
"खाप्रीक. आमच्या वाटेर बसता तो, वडाकडे.
पाव दवरचो, विडी दवरची. भुकेलो आसता."
कोण तो?
"कोण म्हणजे? खाप्री."
त्याच्या आजोबांनाही एवढंच माहीत.
पळून आलेला कुणी, वडापर्यंत पोचलेला,
पुढे घाट दिसत असताना.

शेणैला मी सहज नाव दिलं.
याला देववेना.
एक नाव त्याला आधीच पाद्र्यानं दिलं असेल,
आणि त्याआधीचं
ज्या भाषेत होतं तिच्यात
मला पाणीसुद्धा मागता येत नाही.

काकू म्हणाली, देवीला माळ करू.
पोरांनी तोवर सात पळवल्या होत्या, खेळायला.
बाकीच्या मी परत भरणीत घातल्या,
माती लोटली,
आणि टाकी दोन हात पलीकडे घ्यायला सांगितली.

बाबूसोनं वरची मजुरी मागितली.
दिली.
तोंडात विडी धरून, अंगठ्याला थुंकी लावून
त्यानं नोटा मोजल्या,
चार-चार करून.