किती प्रती

"एष्टु कापी?" हवालदारानं विचारलं.
खानापूरच्या स्टेशन रोडवर, माझ्या दुकानात,
हा प्रश्न रोज मी विचारतो गिऱ्हाइकाला.
मला कुणी विचारला पहिल्यांदाच.

सहा, म्हणालो. मग आठवून, सात.
एक काळी आली होती, टाकून दिली.
त्यानं सातही लिहून घेतल्या,
काळीसुद्धा.

पत्र प्रमिला देसूरकरांचं,
म्हणजे भागूबाई येडगेचं, म्हणजे
रानातल्या एकेचाळीस घरांचं,
ज्यांच्या गोठ्यांचे वासे फॉरेस्टनं ओढून काढले
आणि आमच्याच गावातल्या भट्टीला जळण म्हणून विकले.
बेळगावला दिलं, बेंगळूरला दिलं, दिल्लीला दिलं.
पोच तिन्हीकडची आली. उत्तर नाही.
मग प्रमिलाताई म्हणाल्या, आता जिनिव्हा.
मी विचारलं, तालुका कुठला?
हसलो दोघंही.
त्यानंतर दुकानात कुणी तसं हसलं नाही.

भागूबाईच्या अंगठ्याला शाई ओली होती.
कागद सरळ ठेवायला गेली नि काचेवरच टेकला अंगठा.
तेव्हापासून प्रत्येक झेरॉक्सवर
उजव्या कोपऱ्यात करडा डाग:
दाखल्यांवर, सात-बाऱ्यावर,
कुणाच्या तरी टीसीवर.
पुसायचं राहून गेलं.

पुढचं हळूहळू झालं, एकामागून एक,
जशी मलप्रभा चढते, आधी पायरी, मग पार.
मंडळाचं खातं गोठलं. मॅनेजर म्हणाला, वरून आलंय, बघा.
दहा वर्षांचे हिशेब सात दिवसांत मागितले,
कन्नडमध्ये; वाचून मीच दाखवले.
ताईंच्या मास्तरांची बदली, बीदर.
जिनिव्हाला तीन मिनिटं बोलायचं होतं त्यांना,
पासपोर्टच्या चौकशीला शिपाई आला तो
ती तीन मिनिटं होऊन गेल्यावर.
डेअरीत भागूबाईच्या दुधाला
एकाएकी फॅटच लागेना.
तीच म्हैस, तोच चारा.

मराठीवाले म्हणाले, सीमाप्रश्नाचं असतं तर आलो असतो.
कन्नडवाले म्हणाले, ही मराठीवाल्यांचीच चाल.
पेपरात आलं: परदेशाचे हस्तक.
हस्तक, म्हणजे हात.
भागूबाईनं स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले,
शेण होतं, थोडं.

माझा कॉम्प्युटर घेऊन गेले.
पावती दिली: डबा एक, माऊस एक.
त्या रात्री, सांगून टाकतो,
पेट्रोलचा बोळा करून मी काच घासली.
दुसऱ्या दिवशी कोपरा कोरा,
पांढराफटक, कुणी राहून गेल्यासारखा.
मुलीची फी भरायची होती.
हे कारण मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलंय.

काल दोघी आल्या, दिवेलागणीला.
ताईंच्या मोबाईलवर उत्तर, इंग्रजीत, चार महिन्यांनी.
त्यासोबत एक फॉर्म:
आम्हाला पत्र लिहिल्यामुळे आपल्याला त्रास झाला काय?
तारीख, ठिकाण, अधिकाऱ्याचं नाव.
भाच्याचा जुना लॅपटॉप काढला.
बीदर लिहिलं. बँक लिहिली.
फॅट कसं लिहायचं कळेना,
तेव्हा तसंच लिहिलं, तीन पॉइंट एक, आधी सात.

खाली चौकट: ही माहिती गुप्त ठेवावी काय?
मी भागूबाईला विचारलं.
"कुणापास्नं?" म्हणाली,
"समद्या डोंगराला ठाव हाय.
आमी काय चोरी करूलालोय?"
आणि पॅडकडे न बघताच
अंगठा पुढं केला.

शेवटच्या ओळीत होतं:
हा फॉर्म भरायला कोणी मदत केली असल्यास, त्याचं नाव.

बाहेर मोटरसायकल थांबली. पुढं गेली.
ताई काही बोलल्या नाहीत, त्यांनी पाणी प्यायलं.
त्या ओळीवर कर्सर
लुकलुकत होता,
आहे, नाही, आहे.

"किती प्रती?"
सवयीनं मीच विचारलं.