शूटर

औशाच्या जिनिंगनं मैनोद्दीनला ठेवला
शूटिंग बॉलसाठी. सामन्यामागं अकरा रुपये,
हजेरीपटावर मात्र ‘आईलमन’.
तेलाच्या डब्याला त्यानं कधी हात लावला नाही;
हात चेंडूसाठी.

उदगीरच्या फायनलला, गॅसबत्तीच्या उजेडात
त्यानं हाणलेला चेंडू
अजून खाली आला नाही, म्हणतो माझा बाप.
बाप तेव्हा जाळीच्या पलीकडं उभा होता.

जिनिंग बुडाली.
मग चौकात पंक्चरचं दुकान,
वाकडी करंगळी पाण्यात, बुडबुडे मोजत.

आता पेन्शनीचा कागद. बाबू म्हणतो,
मशिनीला तेल घालताना पाहिलेला
एक तरी माणूस आणा.

बापानं टोपी झटकली.
“मी पाह्यलंय,” म्हणाला,
“ह्या डोळ्यानं. रोज.”
आणि अंगठा शाईत दाबला.